सहीची दुसरी ओळ

सातारा जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगी चौदा वर्षांची, नववीत. मागच्या दिवाळीत तिला उजव्या डोळ्यानं अंधुक दिसू लागलं, डोळा फिरवला की दुखायचा. चष्म्याचा नंबर वाढला असेल, अशा समजुतीत तीन आठवडे गेले. फेब्रुवारीत दोन्ही पाय बधिर झाले, तेव्हा पुण्याला नेलं. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, असं निदान झालं. स्टेरॉइडच्या सलाइननंतर पाय पूर्ववत झाले, आता रोजची कॅप्सूल चालू आहे. मुलीला मात्र 'नसांना व्हिटॅमिन कमी पडतंय' एवढंच सांगितलं आहे.

आता न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं आहे की लहान वयात एमएस झालेल्या मुलांच्या मेंदूचा प्रगत एमआरआयनं अभ्यास चालू आहे, त्यात मुलगी भाग घेईल का? दोन वर्षांत चार स्कॅन, नवं औषध काही नाही. तुलनेसाठी निरोगी मुलंही हवी आहेत, म्हणून अकरा वर्षांच्या भावालाही आणलं तर बरं. वडील म्हणतात, "पुढं काय होणार ते तरी कळेल, करून टाकू." सासूबाई म्हणतात, "पोरीवर प्रयोग नकोत, सारखे किरण मारून मेंदू खराब होईल, आणि उद्या लग्नाच्या वेळी कुठल्या कुठल्या कागदावर नाव निघेल." आईचा प्रश्न एका ओळीचा आहे: मी सही करू की नको?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. यजमानांचं मत आहे, सासूबाईंचं आहे, डॉक्टरांचं आहे, शेजारच्या नर्सबाईंचंही आहे. मुलगी काय म्हणते हे कुठंच नाही. तिला काही विचारलेलंच नाही, तर ती म्हणणार तरी काय?

संमतिपत्राची प्रत तुमच्याकडे असेल तर शेवटचं पान उघडा. आई-वडिलांच्या सहीखाली आणखी एक ओळ असेल किंवा मुलीसाठी वेगळा कागद असेल. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यानुसार बारा ते अठरा वयाच्या मुलांना संशोधनात घ्यायचं तर त्यांची स्वतःची लेखी अनुमती लागते, तीही त्यांना कळेल अशा सोप्या भाषेत. तुमच्या मुलीला तो कागद वाचून सही करायची आहे, आणि त्यावर 'व्हिटॅमिनची कमतरता' लिहिलेलं नसेल. एमएस लिहिलेलं असेल.

म्हणून तुम्ही सही करावी की नाही, हा प्रश्न मी थोडा मागे ठेवते. तिला सांगायचं कधी आणि कसं, हे आधी बोलू. बावीस वर्षं मी लहान मुलांच्या मेंदूविकार विभागात समुपदेशक होते. आजार लपवणारे आई-बाप मी शेकड्यांनी पाहिले, आणि त्यांतल्या एकाचंही प्रेम कमी नव्हतं. पण एक मुलगी मला आजही आठवते. तुमच्या लेकीएवढीच. आई औषधाच्या दुकानात रांगेत उभी असताना तिनं माझ्या टेबलावर मोबाईल ठेवला. कॅप्सूलच्या पाकिटाचा फोटो काढून त्यावरचं नाव तिनं शोधलं होतं. "काकू, आईला सांगू नका मला माहितीय. ती रडेल." सहा महिने ती पोर एकटीच सगळं वाचत होती, आणि इंटरनेटवर पहिल्यांदा काय दिसतं, तर व्हीलचेअर. घरात सगळे तिला सांभाळत होते आणि ती सगळ्यांना.

तुमच्या मुलीला अजून कळलं नसेलही. पण कॅप्सूल रोज हातात आहे, घरात मोबाईल आहे, आणि नववीतली मुलं हुशार असतात.

सांगताना मोठं भाषण नको. दोघं तिच्याजवळ बसा, भाऊ बाहेर खेळायला गेलेला असू दे. असं काहीसं म्हणता येईल: "तुझ्या डोळ्याला आणि पायांना जे झालं त्याला नाव आहे, एमएस. शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशी चुकून तुझ्याच मेंदूतल्या नसांच्या वेष्टणावर हल्ला करतात. तू काही चुकीचं केलं म्हणून हे झालेलं नाही. तुझी कॅप्सूल हे हल्ले कमी करण्यासाठी आहे. आम्ही आधी सांगितलं नाही कारण आम्हीच घाबरलो होतो." शेवटचं वाक्य गाळू नका. त्यानंतर ती जे विचारेल त्याचं उत्तर द्या, आणि माहीत नसेल तिथं "डॉक्टरांना विचारू, तूच विचार" म्हणा. पहिल्या दिवशी ती काहीच विचारणार नाही, असंही होतं. चार दिवसांनी भांडी पुसताना अचानक विचारते.

आता अभ्यासाकडे येते. सासूबाईंची भीती आणि यजमानांची आशा, दोन्ही थोड्या तपासून पाहायला हव्यात.

सासूबाईंना सांगा की एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात. ते सीटी स्कॅनमध्ये असतात, आणि दोन्ही यंत्रं लांबून सारखी दिसतात म्हणून गोंधळ होतो. एमआरआय चालतो मोठ्या चुंबकावर आणि रेडिओ लहरींवर. अशा अभ्यासांत बहुतेकदा ३ टेस्लाचं यंत्र वापरतात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ६०,००० पट. त्यामुळे खरा धोका असतो तो धातूचा. पैंजण, केसांतल्या पिना, परकराची सेफ्टी पिन, गळ्यातला ताईत, सगळं बाहेर ठेवायचं. काजळ आणि डोळ्यांचा मेकअपही त्या दिवशी नको, काहींत लोहाचे कण असतात.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना जरूर विचारा: संशोधनाच्या स्कॅनमध्ये शिरेतून कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्र ठळक दिसावं म्हणूनचं, इंजेक्शन देणार आहेत का? त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूत त्याचे अंश राहतात, हे २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं. त्यानं मेंदूला इजा होते असं सिद्ध झालेलं नाही. तरी युरोपात २०१७ मध्ये त्यातल्या काही प्रकारांचा वापर थांबवला गेला, आणि एमएसच्या नेहमीच्या तपासण्यांतही गरज असेल तेव्हाच ते द्यावं, असा आता तज्ज्ञांचा सल्ला आहे. केवळ अभ्यासासाठी इंजेक्शन असेल तर "त्याशिवाय चालणार नाही का?" हा प्रश्न पूर्णपणे रास्त आहे. झोपेचं औषध किंवा भूलही चौदा वर्षांच्या मुलीला सहसा लागत नाही. अभ्यासासाठी भूल द्यायची म्हणाले तर मी नको म्हणेन.

आता 'प्रयोग' हा शब्द. तो ऐकला की आईच्या पोटात गोळा येतो, मला कळतं. पण २०१८ पर्यंत लहान मुलांच्या एमएससाठी अमेरिकेच्या औषध नियामकानं एकाही औषधाला खास मंजुरी दिलेली नव्हती. मोठ्यांची औषधं डॉक्टर अंदाजानं मुलांना देत. ती स्थिती बदलली ती दहा ते सतरा वयाच्या २१५ मुलांवर झालेल्या फिंगोलिमोड या औषधाच्या चाचणीमुळे. जुन्या इंटरफेरॉन इंजेक्शनच्या तुलनेत तिच्यात अटॅकचं, म्हणजे आजार नव्यानं उसळण्याचं, प्रमाण ८२ टक्क्यांनी कमी दिसलं. त्या २१५ घरांतही कुणीतरी आजी 'पोरावर प्रयोग नको' म्हणाली असेल. तुम्हाला विचारलेल्या अभ्यासात तर औषधही नाही. फक्त बघणं आहे.

आणि बघायचं काय, हे समजून घेण्यासारखं आहे. तुम्ही फिल्मवर पांढरे डाग पाहिलेत. १९८१ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी एमएसच्या रुग्णांचा मेंदू एमआरआयच्या तंत्रानं पहिल्यांदा पाहिला, तेव्हापासून हे डाग मोजले जातात. पण डाग ही अर्धीच गोष्ट. कुणाच्या फिल्मवर वीस डाग असतात आणि ती मुलगी कबड्डी खेळते, कुणाला चारच असतात आणि चालताना तोल जातो. डागांव्यतिरिक्त जो मेंदू चांगला दिसतो, तो खरंच चांगला आहे का, हे साध्या स्कॅनमध्ये कळत नाही.

तुमच्याकडे ऊस आहे असं पत्रात आहे, म्हणून पाटाचंच उदाहरण घेते. बांध शाबूत असेल तर पाणी पाटातून सरळ धावतं. बांध कुठं खचला की पाणी आडवं पसरतं, आणि लांबून पाट दिसत नसला तरी ओल कुठं पसरली आहे यावरून बांध कुठं फुटला ते कळतं. डिफ्युजन नावाच्या तंत्रात हेच करतात. मेंदूतल्या पाण्याचे कण नसेच्या दिशेनं किती सरकतात आणि आडवे किती, हे मोजतात. नसेवरचं मायलिनचं वेष्टण आणि आतले तंतू शाबूत असतील तर आडवं सरकणं कमी असतं. त्यामुळे जिथं डाग दिसत नाही तिथंही काही बिघडलंय का, याचा अंदाज येतो. आणखी तंत्रं आहेत, मायलिनच्या थरांत अडकलेलं पाणी मोजणारी, किंवा मूल नुसतं पडून असताना मेंदूचे कोणते भाग एकमेकांशी बोलतात ते पाहणारी. ती सगळी इथं सांगत बसत नाही.

मुलांमध्ये हा अभ्यास वेगळा का लागतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोठ्या माणसाचा मेंदू बांधून झालेला असतो. मुलांचं मायलिन विशीपर्यंत आणि त्यापुढेही तयार होत असतं, म्हणजे घराचं बांधकाम चालू असतानाच हा आजार येतो. कॅनडातल्या संशोधकांनी एमएस झालेल्या मुलांचे स्कॅन वर्षानुवर्षं घेऊन पाहिले. तेव्हा दिसलं की त्यांच्या मेंदूची वाढ वयाच्या मानानं मागे पडते, आणि थॅलेमस या मधल्या भागाची तर विशेष. मेंदू 'झिजला' एवढं म्हणून भागत नाही. जेवढा वाढायला हवा होता तेवढा वाढला नाही. अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्यावर बाळाची रेघ वर जातेय की सपाट होतेय हे बघतात ना, तसं. आणि तक्ता करायचा तर निरोगी मुलं लागतात. तुमच्या धाकट्याला त्यासाठीच बोलावलंय. बरोबरीच्या मुलांशी तुलना केल्याशिवाय रेघ कुठं असायला हवी होती हे सांगताच येत नाही.

यजमानांची आशा इथंच तपासायची. "पुढं काय होणार ते कळेल" म्हणून सही करू नका, कारण ते कळणार नाही. ही मोजमापं शंभर मुलांच्या गटाची शंभर मुलांच्या दुसऱ्या गटाशी तुलना करायला चांगली आहेत. एका मुलीचा आकडा पाहून दहा वर्षांनी ती कशी असेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. या अभ्यासाचा फायदा मुख्यतः पुढच्या मुलांना होईल. तुमच्या लेकीला तो थोडा आणि आडवळणानं होईल. हे माहीत असून 'हो' म्हणावंसं वाटलं तर तो 'हो' खरा. आशेपोटी दिलेला 'हो' दुसऱ्या स्कॅननंतर कडवट होतो. "एवढं केलं, पण काही सांगतच नाहीत," असं म्हणणारे वडील मी पाहिले आहेत.

तिचे नेहमीचे उपचाराचे एमआरआय वेगळे, आणि ते अभ्यासात नसलात तरी करायचेच. लक्षणं दिसतील त्यापेक्षा पाच-दहा पट नवे डाग गुपचूप येत असतात, आणि औषध चालतंय की नाही हे त्यावरूनच ठरतं. शक्यतो दर वेळी त्याच यंत्रावर करा, आणि फिल्मचा मोठा लिफाफा तर ठेवाच, पण सीडीसुद्धा मागून घ्या. फिल्मवरून नंतर मोजमाप होत नाही.

थोडा फायदा म्हणाले तो हा. अशा अभ्यासांत स्मरणशक्ती, लक्ष आणि विचाराचा वेग यांच्या चाचण्याही बहुतेक वेळा असतात. त्यांचा निकाल तुम्हाला मिळेल का, हे विचारा. एमएस झालेल्या मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलांना अभ्यासात अशी अडचण येते, आणि पाय चांगले चालत असले की ती कुणाच्या लक्षातच येत नाही. "पूर्वी गणिताचा पेपर वेळेत व्हायचा, आता शेवटचे दोन प्रश्न राहतात, लक्षच नसतं हिचं," असं तुम्ही सहज लिहून गेला आहात. ताई, तिला आळशी म्हणू नका. तपासून घ्या. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव आहे. दहावीला जादा वेळेची गरज पडली तर प्रमाणपत्रासाठी कुठं जायचं, ते शाळा सुरू होतानाच विचारून ठेवा. फेब्रुवारीत धावपळ नको.

धाकट्याचं थोडक्यात. तो निरोगी आहे, त्याला यातून काहीच मिळणार नाही, त्यामुळे त्याचा नकार एका वाक्यात स्वीकारला जावा. सात वर्षांपुढच्या मुलालाही तोंडी विचारावं लागतं. जाण्याआधी तुम्ही एक विचारा: त्याच्या स्कॅनमध्ये अचानक वेगळंच काही दिसलं तर कोण सांगणार, आणि पुढची तपासणी कोण करणार? बाकी मुलांना हे यंत्र वाटतं तितकं भयंकर वाटत नाही. डोक्यावरच्या पिंजऱ्याला छोटा आरसा असतो, त्यातून आपलेच पाय आणि पायाशी बसलेली आई दिसते. हातात रबरी फुगा देतात, दाबला की थांबवतात. आवाज मात्र जबर, कानात बोळे घालतात तरी. आमच्याकडचा एक मुलगा बाहेर येऊन म्हणाला होता, "आधी पिठाची गिरणी, मग बोअर मारायची गाडी, मग कुणीतरी दार वाजवतंय." खरं कठीण काम असतं अर्धा-पाऊण तास हलायचं नाही, हे. घरी पलंगावर पडून गोष्ट ऐकत सराव करून घ्या.

कागदावर नाव निघण्याची भीती मी उडवून लावणार नाही. संशोधनात नावाऐवजी क्रमांक वापरतात. डोक्याच्या स्कॅनमधून चेहरा पुन्हा उभा करता येतो, म्हणून माहिती इतरांना देण्याआधी चेहऱ्याचा भाग पुसतात. तुमच्याकडे तसं करणार का, स्कॅन किती वर्षं ठेवणार, परदेशी पाठवणार का, हे संमतिपत्रात लिहिलेलं असायला हवं. नसेल तर लिहून मागा. अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी आहे का तेही बघा, आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद झाली असेल तर तिचा क्रमांक घ्या, ती यादी कुणालाही मोफत पाहता येते. स्कॅनचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात, आणि पुण्याला जाण्या-येण्याचा खर्च मागण्यात संकोच नको. 'औषध थोडं थांबवू' असं कुठं लिहिलेलं आढळलं तर मात्र सही न करता परत या.

लग्नाबद्दल एवढंच, की एमएस संसर्गजन्य नाही, आणि एमएस असलेल्या बायकांना मुलं होतात, गरोदरपणात तर अटॅक कमी होतात. ती चौदाची आहे. तिच्या आजाराबद्दल पुढं कुणाला किती सांगायचं, हे ठरवण्याचा पहिला हक्क तिचा.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या आईच्या मुलाला नुकताच पहिला अटॅक आला असेल, तर त्यांच्यासाठी वेगळं सांगते: एका अटॅकवरून एमएस धरून बसू नका. कॅनडात पहिला असा अटॅक आलेल्या ३०२ मुलांचा पाठपुरावा केला, त्यांतल्या सुमारे पाचातल्या एकालाच पुढं एमएसचं निदान झालं. मुलांमध्ये मॉग अँटिबॉडीचा आजार एमएससारखाच दिसतो, पण त्याचे उपचार वेगळे आहेत. ती रक्ततपासणी झाली आहे का, हे विचारा. ताई, तुमच्या रिपोर्टांत ती दिसली नाही, झाली नसेल तर तुम्हीही विचारा. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून मुंबईत आहे, पुण्यातही शाखा आहे. तिथं तुमच्यासारख्या आया भेटतील, आणि मुलीला तिच्यासारखी माणसं.

या रविवारी तिच्याशी बोला. मग आठवडाभर काहीच ठरवू नका. त्यानंतर तिचा कागद तिच्या हातात द्या, तिला एकटीला वाचू द्या, आणि न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना तिचे प्रश्न तिच्याच अक्षरात लिहिलेले असू देत. ती 'हो' म्हणाली तर तुम्ही दोघं सही करा. अभ्यासातून मध्येच कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं, हे तिला आधीच माहीत असू दे. ती 'नाही' म्हणाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून सांगा, आडून आडून नको. उपचारांत त्यानं काहीही फरक पडता कामा नये. तिची कॅप्सूल चालूच राहील, आणि फाइलवर लिहिलेली पुढच्या एमआरआयची तारीखही तीच.